शांतता समितीत बाईचं काय काम?

प्रश्न असा आहे: "संयुक्त राष्ट्रांच्या 'महिला, शांतता आणि सुरक्षा' या ठरावावर आम्हाला कॉलेजात प्रकरण आहे. पण पुण्यात ना युद्ध, ना शांतता करार. इथल्या मुलीने या विषयात करायचं तरी काय?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. आता सहा वर्षं आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर आहे, म्हणजे सणासुदीला तणाव होऊ नये म्हणून पोलीस नागरिकांची करतात त्या समितीवर. त्यामुळे तुमचं हे प्रकरण मला दोन्हीकडून माहीत आहे.

माझी पहिली बैठक गणपतीच्या तोंडावरची, संध्याकाळी साडेसातची. पन्नासेक माणसं होती. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, दोन-तीन व्यापारी, माजी नगरसेवक. बायका दोघीच. एक मी, दुसऱ्या एक माजी नगरसेविका, पण त्यांच्या वतीने त्यांचे यजमानच बोलत होते. मांडव, स्पीकर, मिरवणुकीचा मार्ग असं सगळं झाल्यावर मी उठले. म्हटलं, विसर्जनाच्या रात्री सार्वजनिक शौचालयाच्या बोळात दिवा नसतो, त्याचं काय? आणि गर्दीत बाई किंवा पोर चुकलं तर जायचं कुठे? साहेब अगदी आदबीने म्हणाले, "मॅडम, तो विषय आपण महिला दक्षता समितीत घेऊ." इतिवृत्त आलं तेव्हा उपस्थितांच्या यादीत माझं नाव होतं. मुद्दा नव्हता.

या विषयाची सगळी मेख इथेच आहे. सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने मंजूर केलेला तुमचा हा ठराव, क्रमांक १३२५, मुख्यतः दोन गोष्टी सांगतो. संघर्षात बाईला जपा, आणि वाटाघाटीत, निर्णयात तिला घ्या. पहिलीला कुणाचीच हरकत नसते, कारण जपण्यासाठी कुणाला आपली खुर्ची सोडावी लागत नाही. दुसरी आली की "तो विषय तिकडे घेऊ" सुरू होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं उदाहरण परीक्षेसाठी पाठ केलं असेल, पण नीट बघा. २००३ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे लायबेरियातल्या यादवीवर बोलणी चालली होती. टोळ्यांचे म्होरके हॉटेलात आरामात राहत होते आणि चर्चा रेंगाळत होती. तिथल्या बायकांच्या शांतता चळवळीची पुढारी लेमा बोवी आणि तिच्या पांढऱ्या टी-शर्टातल्या साथिणी सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या. तोडगा निघेपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा बोवीने अंगावरचे कपडे उतरवण्याची धमकी दिली. तिथे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे बघणाऱ्याला शाप. पहारेकरी मागे सरले, आणि ऑगस्टमध्ये करार झाला. बोवीला २०११ चं नोबेल विभागून मिळालं. पण त्या दिवशीची तिची जागा बघा. दाराबाहेर, फरशीवर. करार घडवायला बाई चालते, टेबलाशी मात्र तिची खुर्ची मांडलेली नसते.

फार लांब वाटत असेल तर नागालँड घ्या. नागा मदर्स असोसिएशन ही तिथल्या बायकांची संघटना १९८४ ची. या बायका सशस्त्र गटांच्या भूमिगत नेत्यांना भेटायला जंगलातल्या तळांपर्यंत गेल्या, 'आता रक्त सांडू नका' म्हणत राहिल्या. आणि १९६३ मध्ये झालेल्या त्या राज्याच्या विधानसभेत पहिल्या दोन बायका निवडून आल्या २०२३ मध्ये.

बायका मुळातच शांतताप्रिय असतात, असा युक्तिवाद मात्र कृपा करून करू नका. दगड गोळा करून देणाऱ्या बायका असतात, आणि अफवा पुढे ढकलण्यात तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा हात कुणी धरणार नाही. बाईला घ्यायचं ते तिला गल्लीतलं जे माहीत असतं ते अध्यक्षांना नसतं म्हणून.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलले, ते आठवत असेल. त्याच आठवड्यात एका रात्री आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: पलीकडच्या चौकात दगडफेक, बाहेर पडू नका. कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंनी तो वाचला आणि हातातलं लाटणं न ठेवताच त्या चौकातल्या शिवणकामवाल्या खालांना फोन लावला. फोन स्पीकरवर. "खाला, काय झालंय तिकडं?" "काही नाही गं, टेम्पोखाली गटाराचं झाकण फुटलं. पोरं बघायला जमलीत." ताईंनी तेच रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. विषय संपला. या दोघींपैकी एकीचंही नाव समितीच्या यादीत नव्हतं.

तुम्हाला गणवेशातला रस्ता हवा असेल तर तोही पुण्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली आल्या आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी तर २००७ पासूनच लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तैनात होती. या वाटेचं मला बाहेरूनच माहीत, म्हणून जास्त बोलत नाही.

बाकी सगळ्यांसाठी, ठराव १३२५ पोलीस ठाण्यात नेऊन दाखवू नका. शंभराहून अधिक देशांनी त्यावर आपापला कृती आराखडा केला आहे, भारताने केलेला नाही. साहेब नुसते हसतील. त्यापेक्षा साधा अर्ज द्या, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, 'शांतता समितीवर सदस्य म्हणून घ्यावे'. एकटीचा नको, भागातल्या चार-पाच जणींचा एकत्र द्या. एकटीला शोभेला बसवतात, चौघींना उत्तर द्यावं लागतं.

बैठकीची वेळ बदलून मागा. साडेसात ही पोळ्यांची वेळ आहे, हे तिथे बसलेल्या पन्नासांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आम्ही मागितली तेव्हा कुणी वादही घातला नाही, सरळ चार केली. आणि मुद्दा तोंडी मांडून गप्प बसू नका. कागदावर लिहून द्या, इतिवृत्तात आला का बघा, नसेल तर पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तेच विचारा. मी पहिलं वर्ष हे केलं नाही, भिडेपोटी. बोळातला दिवा त्यामुळे एक गणपती उशिरा लागला.

समितीची बैठक गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधी होते. अर्ज त्याच्या महिनाभर आधी द्या, आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.