लेह ते अंदमान किती लांब?

प्रश्न : सर, माझा थोरला लेहला फौजेत आहे, धाकटा पोर्ट ब्लेअरला नोकरीला. धाकट्याला भावाकडे जायचं आहे. विमानाला किती वेळ लागेल?
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मी भूगोल शिकवायचो तेव्हा हे दोऱ्यानं मोजायचो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही गावांमध्ये दोरा ताणा. सात सेंटीमीटर भरेल, म्हणजे सुमारे २,९०० किलोमीटर. सरळ उडालं तर चार तासांचा पल्ला.

पण वाट दिल्लीवरून. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) ते दिल्ली सुमारे २,५००, पुढे लेह सव्वासहाशे किलोमीटर. म्हणजे वळशानं अंतर फारसं वाढत नाही. वेळ जातो तो दिल्लीत थांबण्यात. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर, चहूकडे डोंगर. दुपारी वारा उठतो, म्हणून विमानं बहुतेक सकाळीच उतरतात. त्यामुळे दिल्लीत एक रात्र धराच, आणि लेहचं तिकीट पहाटेचं काढायला सांगा.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोरगा समुद्रकाठावरून एकदम विरळ हवेत जाणार. पहिले दोन दिवस नुसता आराम, भरपूर पाणी, चढण नाही. डोकं फार दुखलं, उलटी झाली, धाप लागली तर लगेच दवाखाना. भावाला आधीच फोन करून ठेवा.