अफगाण हाउंडसाठी एफडी मोडावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नववीतल्या लेकीला अफगाण हाउंड जातीचा कुत्रा हवाय. ब्रीडर पिल्लाचे ८५ हजार सांगतोय. पिंजरा, ड्रायर, ब्रश असं सामान धरून १ लाख १० हजार एफडीतून काढावेत का, हा तुमचा प्रश्न. इंदूरच्या रामबागेतला तळमजल्यावरचा फ्लॅट, पीथमपूरला नोकरी करणारे यजमान, तुमची शाळेतली नोकरी आणि घरात ७१ वर्षांच्या सासूबाई.

एफडी मोडू नका. आत्ता तरी नाही. पण हे उत्तर ८५ हजारांमुळे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे दोघांचे मिळून हातात १ लाख १५ हजार येतात. घराचा हप्ता ३४ हजार, लेकीच्या नावाची एसआयपी १५ हजार, घरखर्च ४८ हजार. उरले १८ हजार. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८२ हजार लागतात, म्हणजे २ लाख ४० हजारांची ती एफडी जेमतेम तीन महिन्यांचं अन्न आहे. त्यातून १ लाख १० हजार काढले तर दीड महिन्याचंच उरतं. कर्ज चालू असलेल्या घराला मी सहा महिन्यांची तजवीज सांगतो. तुमची आधीच निम्मी आहे.

आता कुत्र्याकडे येऊ. अफगाण हाउंड हा नजरेनं शिकार हेरून पाठलाग करणारा कुत्रा. तिकडे त्याला ताझी म्हणतात. १९२० च्या दशकात अफगाणिस्तान आणि सरहद्दीकडून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुत्र्यांपासून आजची जात पुढे आली, आणि प्रदर्शनांच्या रिंगणात तिचे केस अधिकाधिक लांब, दाट होत गेले. तुमच्या लेकीला जे रूप भुरळ घालतंय, तेच तुमच्या हिशोबातलं सगळ्यात महाग कलम आहे. या केसांना आठवड्यातून कित्येक तास विंचरावं लागतं आणि आठवड्या-पंधरवड्यानं आंघोळ लागते. पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येण्याचा काळ, साधारण वर्षाच्या आसपासचा, फार कठीण असतो. तेव्हा दोन दिवस हात लावला नाही तर कानामागे, काखेत जटा होतात आणि कात्रीशिवाय सुटत नाहीत. ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे, पाठवलं तरी घरचं विंचरणं सुटत नाही.

मी धरलेले महिन्याचे आकडे असे: २५ किलोच्या कुत्र्याचं खाणं ४,५००, ग्रूमरच्या दोन खेपा ३,०००, लसी, जंताची आणि गोचिडांची औषधं १,२००, उन्हाळ्यातल्या एसीचं बिल वर्षभरात वाटून ८००, आणि तुम्ही गणपतीला पुण्याला जाता तेव्हा त्याला कुठे ठेवायचं त्याचे ५००. झाले १० हजार. गोचिडांचं कलम कापू नका. लांब केसांत गोचीड दिसत नाही आणि तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. रात्री मालव्याचा गार वारा सुटतो हे खरं, पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या केसांसह त्याला पंख्याखाली ठेवता येणार नाही. केस बारीक कापून घेतले तर हा भार बराच हलका होतो. पुष्कळ घरं तसं करतात, त्यात कमीपणा काही नाही. लेकीला ते मान्य आहे का, एवढं आधीच विचारा.

हा कुत्रा साधारण १२ ते १४ वर्षं जगतो. १० हजारांवर दरवर्षी ६ टक्के महागाई धरली तर १३ वर्षांचे साडेबावीस लाखांच्या वर जातात. पिल्लाची किंमत त्यात चार टक्केही नाही. म्हणून क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घ्यायचा यजमानांचा विचार सोडून द्या. खरा हप्ता तर पिल्लू घरी आल्यावर सुरू होतो.

आणि ताई, लेक आज १४ वर्षांची. चार वर्षांत ती शिकायला बाहेर पडेल. पिल्लू आज आलं तरी तेव्हा ते ऐन तारुण्यात असेल आणि ब्रश तुमच्या हातात येईल. एसआयपी मोडण्याची वेळही तेव्हाचीच. हा कुत्रा लेकीचा म्हणून येईल, पण तुमचा होऊन राहील. तुम्हाला तो स्वतःसाठी हवा आहे का, हे पत्रात कुठे दिसलं नाही.

सासूबाईंचाही विचार करा. स्वभावानं हा कुत्रा घरच्यांशी प्रेमळ पण स्वतंत्र असतो, हाक मारली की येईलच असं नाही. समोरून मांजर गेलं तर २५ किलो एकदम सुटतात, तेही ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. साखळी त्यांच्या हातात कधीच देऊ नका. मोकळं पळायला कुंपण असलेली जागा लागते, आणि रामबागेत ती तुमच्याकडे नाही.

दवाखान्यासाठी वेगळे ७५ हजार हवेत. खोल छातीच्या या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि तेव्हा शस्त्रक्रिया त्याच दिवशी करावी लागते. अंगावर चरबी कमी असल्यामुळे भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून उशिरा उतरतात, तेव्हा या जातीची माहिती असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे चौकशी करता येईल. आमच्याकडे साधी गावठी कुत्री होती, १४ वर्षं जगली. शेवटच्या दोन वर्षांत मूत्रपिंडाच्या औषधांना बराच पैसा लागला. तो वेगळा ठेवलेला होता, म्हणून तिच्याबद्दलचा प्रत्येक निर्णय तिच्याकडे बघून घेता आला. तुमच्या घरालाही तसंच करता यावं असं मला मनापासून वाटतं.

एक पर्याय सुचवतो. आपल्या दख्खनच्या कारवान हाउंडमध्ये पश्मी नावाचा प्रकार आहे. अंग आखूड केसांचं, कानांवर आणि शेपटीवर मात्र रेशमी झालर. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेला मुधोळ हाउंड याच कुळातला. पश्मीलाही रोज पळायला लागतं आणि परक्यांशी तो जपून वागतो, पण ब्रशचं काम आठवड्याला अर्ध्या तासाचं, आणि ग्रूमरचे ते ३ हजार जवळपास वाचतात. लेकीला एकदा प्रत्यक्ष दाखवा.

तरीही अफगाणच हवा असेल तर एक वर्ष थांबा. उरणाऱ्या १८ हजारांतले १० हजार दर महिन्याला आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाका, कुत्रा घरात आहे असं समजून. ८ हजार एफडीच्या जोडीला ठेवा. वर्षाअखेर आरडीत १ लाख २० हजार आणि वर व्याज, म्हणजे पिल्लू आणि सामान दोन्ही निघतं. तजवीजही ३ लाख ३६ हजारांवर, चार महिन्यांच्या थोडी पुढे गेलेली असेल. यजमानांचा दिवाळीचा बोनस दवाखान्याच्या ७५ हजारांकडे वळवा. मध्येच आरडीचा एखादा हप्ता चुकला तर तो का चुकला हे लिहून ठेवा.

ब्रीडरला फोटो बघून आगाऊ रक्कम पाठवू नका. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा, आणि पिल्लाची आई डोळ्यांनी बघा.

या वर्षात लेकीला दर रविवारी ओळखीच्या एखाद्या ग्रूमरकडे, लांब केसांचा जो कुत्रा येईल त्याला विंचरायला पाठवा. सहा महिन्यांनी मला पुन्हा लिहा. आरडीचा हिशोब तुम्ही पाठवा, रविवारचा तिला तिच्या अक्षरात लिहू द्या.