पहिलं ऑपरेशन करूनही वजन परत आलं, आता दुसरं करू का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी तासगाव तालुक्यातली, वय ४१, उंची पाच फूट दोन इंच. २०२१ ला पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन केलं तेव्हा ११२ किलो होते आणि शुगर पण होती. दीड वर्षात ८४ वर आले, शुगरची गोळी बंद झाली, लग्नकार्यात लोकं ओळखत नव्हती इतका फरक पडला. नंतर काय झालं कळलंच नाही, हळूहळू वाढत वाढत आता १०१ झालंय आणि गोळी परत चालू. जेवण म्हणाल तर अर्ध्या भाकरीच्या वर जात नाही, तरी वाढतंय. परत दाखवायला गेले तर पाच मिनिटांत सांगितलं पिशवी ताणली असणार, बायपास करून टाकू, ॲडव्हान्स भरा. सासूबाई म्हणतात तुला तोंड आवरत नाही म्हणून एवढा पैसा पाण्यात गेला, मिस्टर काही बोलत नाहीत पण द्राक्षबागेचं कर्ज आहेच. करू का दुसरं ऑपरेशन?

उत्तर : ताई, ॲडव्हान्स आत्ता भरू नका. दुसरं ऑपरेशन तुम्हाला कदाचित लागेलही, पण वजन परत का आलं हे अजून कुणी शोधलेलंच नाही आणि कारण माहीत नसताना पोट परत उघडायचं हे मला पटत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, ऑपरेशनचा निर्णय सर्जनचाच, पण वजन वाढून आलेले पेशंट माझ्यासमोर रोज बसतात म्हणून सांगते.

आणि सासूबाई जे म्हणतात ते मनातून काढून टाका. ११२ वरून ८४ म्हणजे एकूण वजनाचा चौथा हिस्सा उतरला, स्लीव्हनंतर याला चांगलाच रिझल्ट म्हणतात, वर शुगरची गोळी सुटली होती. ज्यांचं वजन पहिल्यापासून उतरलंच नाही त्यांची गोष्ट वेगळी आणि उतरून परत आलं त्यांची वेगळी, तुम्ही दुसऱ्यातल्या. वजन कमी झालं की शरीर भूक वाढवतं आणि कॅलरीचा खर्च कमी करतं, ते आपल्या हातात नसतं. दीड-दोन वर्षांनंतर थोडंफार वजन परत येणं तर बऱ्याच जणांच्यात दिसतं. तुमचं १७ किलो आलंय, ते थोडंफार नाही, म्हणून कारण शोधायचं.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि एक बारीक लांब नळी ठेवतात. जो भाग जातो त्यातच, वरच्या फुगीर बाजूला, घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, म्हणून पहिलं वर्ष भूकच लागत नाही. आता वरचा भाग त्या वेळी थोडा राहून गेला असेल किंवा नळी नंतर रुंद झाली असेल तर ते एन्डोस्कोपीत आणि बेरियम पाजून काढलेल्या एक्सरेत दिसतं, कधी सीटी पण करतात. "ताणली असणार" हा अंदाज झाला. या तपासण्या सांगली-मिरजेत होतात, त्यासाठी पुण्याला जायची पण गरज नाही. दोष पोटात दिसला तर दुसऱ्या ऑपरेशनला अर्थ आहे, नळी व्यवस्थित निघाली तर कारण दुसरीकडं आहे आणि तिथं नुसतं ऑपरेशन करून भागणार नाही.

दुसरीकडं म्हणजे कुठं? पहिलं तुमची गोळी. कुठली ते लिहिलं नाही. त्यात ग्लिमेपिराइड असेल तर त्यानं वजन वाढू शकतं, इन्सुलिननं पण वाढतं. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा की वजन न वाढवणारी गोळी चालेल का. दम्याची किंवा गुडघेदुखीची स्टिरॉइड, मनाच्या आजाराची काही औषधं, हे पण बघायचं. सांधेदुखीवर कुणी बिननावाची पुडी देत असेल तर ती लगेच दाखवा, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी१२, डी३, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) एवढं रक्त तपासून घ्या.

मग खाणं. अर्धी भाकरी खाता हे मला शंभर टक्के खरं वाटतं, कारण स्लीव्ह भाकरीलाच अडवतं. चतकोर भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ सावकाश चावून खाल्ली की पुढचा घास जात नाही. पण तेच भडंग घेऊन बसलात तर चुरमुरा तोंडातच विरतो, खाली सरकतो, पोट भरल्याचं कळतच नाही आणि बरोबर तेल आणि शेंगदाणे जातात, तासाभरानं परत हात डब्यात. तुमच्याकडं बाग आहे म्हणजे बेदाणा पण घरात असणार, प्रतवारी करताना चिमूट चिमूट तोंडात टाकला तर दिवसाला दोन मुठी कुठं गेल्या कळत नाही आणि बेदाणा म्हणजे बहुतेक साखरच. चहाचं पण तसंच, कपाला दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे, साखरेचेच दोनशेच्या वर कॅलरी झाल्या, दूध वेगळं. पातळ पदार्थाला नळी अडवतच नाही. जेवण कमी आणि वजन जास्त हे गणित बऱ्याच वेळा इथं सुटतं. म्हणून एक आठवडा जे तोंडात जाईल ते वहीत लिहा, नुसतं जेवण नाही, सगळं. हा तुमच्यावर संशय नाही, वही बघून मला किंवा कुठल्याही आहारतज्ज्ञाला नेमकं कुठं हात घालायचा ते कळतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, तुमच्या अर्ध्या भाकरीत ते बसत नाही, म्हणून घास घेताना आधी उसळ, अंडं, पनीर, मासे आणि भाकरी शेवटी. जेवताना पाणी नको, आधी-नंतर अर्धा तास सोडून प्या.

आता बायपासबद्दल. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. तुमच्या बाबतीत त्याच्या बाजूनं एक मोठा मुद्दा आहे, शुगर, बायपासनंतर ती बऱ्याचदा चांगली आटोक्यात येते. पण दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनला धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आतलं सगळं चिकटलेलं असतं, जुन्या स्टेपलच्या रेषेला रक्तपुरवठा कमी असतो, जोड गळायची किंवा रक्तस्राव व्हायची भीती वाढते. आणि पहिल्या वेळी उतरलं तेवढं वजन दुसऱ्या वेळी साधारण उतरत नाही, हे तुम्हाला आधी कुणीतरी समोर बसवून सांगायला पाहिजे होतं. नंतर लोह, कॅल्शियम, बी१२, डी जन्मभर घ्यायचं, अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली ब्रुफेन-डायक्लोफिनॅकसारखी गोळी चालत नाही आणि तंबाखू, मिशरी काही असेल तर ती पूर्ण सुटायलाच पाहिजे, नाहीतर जोडाच्या जागी अल्सर होतो. मिशरीचं मुद्दाम लिहिते कारण बायका ते व्यसनात धरत नाहीत आणि डॉक्टरांना सांगत पण नाहीत.

मधला रस्ता पण आहे. वजन कमी करणारी, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं, माउंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोव्ही जूनमध्ये, स्लीव्हनंतर वजन परत आलेल्यांना पण डॉक्टर देतात. शुगरला पण फायदा होतो. पण खर्च चालू राहतो, थांबवलं की वजन परत यायला लागतं, मळमळ-उलटीनं खाणं अजून कमी होतं म्हणून प्रोटीनकडं जास्त लक्ष लागतं. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर आधी सांगा. फिजिशियनच्या देखरेखीशिवाय घेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर मेडिक्लेम असेल तर आयआरडीएच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमात लठ्ठपणाच्या ऑपरेशनला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा त्याच्या वर, नाहीतर ३५ किंवा त्याच्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार अशी अट आहे. तुमचा बीएमआय ४० च्या थोडा वर येतो. पण दुसऱ्या ऑपरेशनला मंजुरी मिळते का हे कंपनीकडून आधी लेखी घ्या, तोंडी शब्दावर भरती होऊ नका.

पहिल्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, नोटेत नळी किती रुंदीची ठेवली ते लिहिलेलं असतं आणि पुढच्या सर्जनला त्याचा फार उपयोग होतो. मग रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनला दाखवा, त्यांना सरळ विचारा की अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का आणि पुढची पाच वर्षं फॉलोअप कोण बघणार. यातलं काही इमर्जन्सी नाही. बागेचा हंगाम होऊ द्या, मिस्टरांना एकदा बरोबर घेऊन जा, त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं की घरातलं बोलणं पण बदलेल.

प्रश्न : मी कराडचा, वय ३६. स्लीव्ह करून तीन वर्षं झाली, वजन १० किलो परत आलंय पण त्याचं एवढं काही नाही, जळजळ मात्र असह्य आहे, रात्री आंबट पाणी घशात येऊन जाग येते. रोज ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल गोळी चालू आहे. परत स्लीव्ह करून घेतलं तर जाईल का?

उत्तर : दादा, परत स्लीव्ह अजिबात नको, त्यानं जळजळ वाढायचीच शक्यता जास्त. स्लीव्हनंतर ॲसिड वर येणं हा माहीत असलेला त्रास आहे, नळीत दाब वाढतो आणि तो वर निघतो. तुम्हाला एन्डोस्कोपी लवकर करायला पाहिजे, अन्ननलिकेला किती इजा झालीय आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, आहे का ते बघायला, कारण वर्षानुवर्षं ॲसिड लागून अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं आणि गोळीनं जळजळ दबली तरी ते कळत नाही. या त्रासासाठी स्लीव्हचं रू-एन-वाय बायपास (वर सांगितलेला नेहमीचा बायपास) करणं हे पक्कं कारण मानतात, इथं वजनाचा काटा दुय्यम. कुणी मिनी बायपास, म्हणजे एकाच जोडाचा बायपास, सुचवला तर विचारा की पित्त वर यायचा धोका किती, त्यात तो असतो. रोजची गोळी जास्त वर्षं चालली की बी१२ पण कमी होतं, तेही तपासा.

प्रश्न : कोरेगावहून लिहितोय. बायकोचं दुसरं ऑपरेशन, बायपास, होऊन दीड महिना झाला. दहा दिवस झाले काहीच पोटात टिकत नाही, गावातले डॉक्टर सलाईन लावतात तेवढं बरं वाटतं. काल चालताना तोल गेला आणि म्हणते दोन-दोन दिसतंय. अशक्तपणा असेल का?

उत्तर : यांना पत्र वाचल्या वाचल्या फोन केला आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. इथं छापतेय ते बाकीच्यांसाठी. हा नुसता अशक्तपणा नाही. सतत उलट्या झाल्या की काही आठवड्यांत बी-वन म्हणजे थायमिन संपतं, मग तोल जातो, दोन-दोन दिसतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहतं. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर हे अजून बिघडू शकतं. म्हणून असं ऑपरेशन झालेल्या माणसाला उलट्या होत असतील तर सलाईन लावायच्या आधी डॉक्टरांना सांगा की वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या, आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या. उलट्यांचं कारण बऱ्याचदा जोड अरुंद होणं असतं, ते एन्डोस्कोपीतून फुगा घालून रुंद करता येतं. दोन दिवस पाणीसुद्धा टिकलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन लावा.