गोळा केलेलं प्लास्टिक जातं कुठे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

जून जवळ आला की आमच्याकडे प्लास्टिकच्या पत्रांची रांग लागते, कारण ५ तारखेला पर्यावरण दिन आणि प्रत्येक शाळेला, सोसायटीला, मंडळाला त्या दिवशी काहीतरी करून दाखवायचं असतं. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ती पत्रं घेतलीयेत.

ताई, आमच्या सोसायटीतले आम्ही तीस-चाळीस जण दरवर्षी खाडीकिनारा साफ करतो. टी-शर्ट छापतो, बॅनर लावतो, नाश्ता असतो, छान वाटतं. यंदा मीटिंगमध्ये एका कॉलेजच्या मुलीने विचारलं की महिन्याभरात तिथे परत तेवढाच कचरा येतो तर आपण हे नक्की का करतो? कोणालाच बोलता आलं नाही. तुम्ही काय सांगाल?
– सोसायटीच्या सेक्रेटरी, डोंबिवली

सगळ्यात आधी त्या मुलीला कमिटीत घ्या. तिने जे विचारलं ते विचारायला बाकीच्यांना संकोच वाटत होता एवढंच.

मी बंद करा असं म्हणत नाहीये हं. वर्सोव्याचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी शेजारच्या ८४ वर्षांच्या आजोबांना बरोबर घेऊन किनारा उचलायला सुरुवात केली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. लोकांच्या लक्षात कासव राहतं, मला मात्र त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की ही मंडळी दर वीकेंडला जात राहिली, वर्षातून एकदा नाही. आणि पुढे शाह मिठी नदीकडेही वळले, कारण किनाऱ्यावरचा कचरा किनाऱ्यावर तयार होत नाही ना, तो नाल्यातून येतो आणि भरती तो तुमच्या पायाशी आणून टाकते. तुमच्या खाडीतही कुठल्यातरी दोन-तीन नाल्यांतून येत असणार. कुठल्या, ते बघायला एकदा ओहोटीच्या वेळी जा, टी-शर्ट न घालता. म्हणजे कार्यक्रमाचा टी-शर्ट न घालता, गैरसमज नको.

आता तुमच्या कार्यक्रमाकडे जरा बाहेरच्या नजरेने बघू. तो बॅनर फ्लेक्सचा असतो, म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, भंगारवाला त्याला हातही लावत नाही. छोट्या बाटल्यांतलं पाणी, डिशमध्ये पोहे, वर प्लास्टिकचा चमचा. काही ठिकाणी तर उपक्रम संपल्यावर उपक्रमाचाच कचरा वेगळा उचलावा लागतो. जुन्या चादरीवर रंगाने लिहा ना, पाच वर्षं तोच बॅनर चालेल, स्पॉन्सरचं नाव नसेल तर तारीखसुद्धा बदलावी लागणार नाही.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. पोती भरली, फोटो झाला, मग पोती गेली कुठे? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं की पालिकेची गाडी घेऊन गेली, म्हणजे किनाऱ्यावरचा कचरा उचलून डम्पिंग ग्राउंडवर नेला. यंदा एक करा, तारीख ठरवायच्या आधी तुमच्या भागातल्या भंगारवाल्याला भेटा आणि त्याला विचारा की यातलं तू काय घेशील. तो दोन मिनिटांत सांगेल. पाण्याच्या बाटल्या घेईन, शॅम्पूचे आणि फिनेलचे डबे घेईन, तेलाचे कॅन घेईन, दुधाच्या पिशव्या साफ असतील तर घेईन. वेफर्सची पाकिटं नाही, शॅम्पूचे पाऊच नाही, गुटख्याच्या पुड्या नाही, थर्माकोल नाही, चिखलाच्या कॅरीबॅगा तर अजिबातच नाही. यात त्याचा हट्ट नाहीये, त्याचं सगळं वजनावर चालतं आणि चिखल तोलून घेतला तर पुढचा व्यापारी त्याचेच पैसे कापतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मधे चंदेरी मुलामा असा सगळा एकमेकांना चिकटवलेला प्रकार असतो, तो सुटा करता येत नाही म्हणून त्याला भाव नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं.

म्हणून किनाऱ्यावरच दोन ढीग करा, 'घेतो' आणि 'घेत नाही'. 'घेतो'चा ढीग तिथेच त्याला द्या, पैसे त्याचे त्यालाच राहू देत, सकाळभर तोही राबणारच आहे. दुसरा ढीग मात्र टाकायच्या आधी मोजा, कुठल्या वस्तू, कुठल्या कंपनीच्या, किती. ही यादी म्हणजे तुमच्या सकाळची खरी कमाई. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करायची जबाबदारी आहे, तेव्हा ती यादी फोटोसकट कंपनीला, पालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. उत्तर येईलच असं नाही, पण दर वर्षी त्याच जागेची यादी जायला लागली की फाईल तरी जाड होते.

अजून एक, खाडी म्हणजे खारफुटी आली. चिखलातून वर आलेल्या तिच्या श्वसनमुळांना कॅरीबॅगांचा पीळ बसलेला असतो आणि आपले उत्साही लोक तो ओढून काढतात, मूळ तुटतं. जुन्या कात्र्या न्या. पीळ कापायचा, ओढायचा नाही. आणि त्या भागात एका वेळी पाच-सहा जणच सोडा, चाळीस जोड बूट त्या चिखलात नाचले तर झालंच कल्याण.

आमचं किराणा दुकान आहे. कॅरीबॅग दिली की दंड आम्हाला, मागणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणी बोलत नाही, आणि त्याच दुकानात माळेने लटकणारे वेफर्स, शॅम्पूचे पाऊच मात्र चालतात. ही कसली बंदी?
– एक दुकानदार, सांगली

दादा, तुमचा राग रास्त आहे. कागदावर बघितलं तर गिऱ्हाईकालाही दंड आहे बरं का, वापरणाऱ्यालाही बंदी लागू आहे, पण गल्लीतल्या माणसाच्या हातातली पिशवी कोण तपासणार, दुकान एका जागी उभं असतं म्हणून तुम्ही सापडता.

थोडा मागचा इतिहास सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांत कॅरीबॅगा सापडल्या. एवढा पाऊस झाल्यावर फक्त पिशव्यांना दोष देणं म्हणजे सोयीचं होतं असं माझं मत, पण त्यातून २००६ मध्ये आपल्याकडे ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. ती कशी पाळली गेली ते आपण बघितलंच. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली, कॅरीबॅगच बंद, जाडी कितीही असो, थर्माकोलच्या डिशेस बंद, पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून धडाक्यात कारवाई झाली, काही महिने खरंच पिशव्या गायब झाल्या, नंतर त्या काउंटरखालून परत आल्या. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, फुग्याच्या काड्या, इअरबडच्या काड्या वगैरे बंद केल्या.

आता गंमत बघा, त्याच २०१८ च्या अधिसूचनेत असंही होतं की दुधाच्या पिशवीवर परत घ्यायची किंमत छापायची, किमान ५० पैसे, म्हणजे रिकामी पिशवी दुकानात आणून दिली की ग्राहकाला पैसे परत. बाटल्यांसाठीही तसंच. दंडाचा भाग लगेच राबवला गेला कारण तो तुमच्याकडून वसूल करायचा होता. ते ५० पैसे मागायला तुमच्या दुकानात कोणी आलं का? नसणारच. म्हणून तुम्हाला बंदी एकतर्फी वाटते, आणि ती तशी आहेच. व्यापारी संघटनेच्या बैठकीत निवेदन द्यायचं असेल तर बंदी उठवा असं म्हणू नका, ते होणार नाही आणि होऊही नये. परत घ्यायच्या योजनेचं काय झालं ते विचारा.

आणि रोजचं म्हणाल तर ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी कापडी नाही, ते नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. उन्हात काही महिने राहिली की बोटांत चुरा होतो. त्यापेक्षा बचत गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या आणि दहा रुपये डिपॉझिटवर द्या, पिशवी परत आली की दहा रुपये परत. फुकट दिलेली पिशवी परत येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

आम्ही शाळेत मुलांकडून प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये चॉकलेटचे कागद, वेफर्सची पाकिटं ठासून भरून विटा करून घेतो, त्याचं बाकडं करणार आहोत. पालकांना फार आवडलंय. हे योग्य आहे ना?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

सर, नाराज होऊ नका, पण मला हा प्रकार फारसा पटत नाही. रिकामी बाटली ही तुमच्या गावातली सगळ्यात सहज विकली जाणारी प्लास्टिकची वस्तू आहे, तिचा पुढे धागा होतो. तिच्यात पाकिटं कोंबली की जी वस्तू पुन्हा वापरात आली असती तीही कायमची गेली. बाकडं उन्हापावसात चार-पाच वर्षांनी फुटलं की आतलं सगळं पुन्हा शाळेच्या मैदानात. शिवाय वीट भरायची म्हणून मुलं आणखी वेफर्स खातात, असं मी ऐकलंय, आणि मुलांना ओळखत असाल तर तुम्हालाही ते खरं वाटेल.

ज्या झाल्यात त्यांचं बाकडं करा, सावलीत ठेवा. पुढच्या सत्रात मात्र कचरावेचक ताईंना वर्गात बोलवा, एक पोतं उपडं करा आणि त्यांना वर्गीकरण करायला सांगा. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, त्या बायका बाटली हातात घेऊन नुसतं दाबलं, आवाज ऐकला की सांगतात हे कुठल्या ढिगात जाणार. मुलांना हे बघायला जाम आवडेल, आणि गुरुजींनाही.

आमचं गाव पालखी मार्गावर आहे. मुक्काम हलला की दुसऱ्या दिवशी पत्रावळी, ग्लास, पाण्याच्या पाउचचा खच पडतो. वारकऱ्यांना कसं बोलायचं?
– ग्रामपंचायत सदस्य, इंदापूर तालुका

वारकऱ्यांना बोलायचंच नाही. तो माऊली पाठीवर वळकटी आणि हातात तांब्या घेऊन निघालेला असतो, प्लास्टिक त्याच्या हातात आपण देतो, अन्नदान करणारी मंडळं, वाटेत गाड्या लावून पाण्याच्या बाटल्या वाटणारे दाते. बैठक घ्यायची तर त्यांची घ्या, तीही पालखीच्या महिनाभर आधी, एकदा ऑर्डर गेल्या की कोणी ऐकत नाही.

पाण्यासाठी टँकरला सात-आठ नळ बसवून द्या, तांब्या प्रत्येकाकडे असतो. जेवणासाठी गावातल्या लग्नाच्या भांड्यांतली स्टीलची ताटं काढा, धुण्याची जागा आणि सांडपाण्याचा खड्डा आधी ठरवा, ते ठरलं नाही की दुपारपर्यंत ताटं बाजूला पडतात आणि पत्रावळी बाहेर येतात. ताटं पुरणार नसतील तर पळसाच्या पत्रावळी घ्या. कागदाची म्हणून मिळते तिच्यावर नखाने खरवडून बघा, आतून चकचकीत पापुद्रा निघाला तर ते प्लास्टिकच, उकिरड्यात कुजणार नाही. आणि एखादा दाता बाटल्याच वाटायचा हट्ट धरून बसला तर त्याला म्हणा वाटा, पण रिकाम्या बाटल्यांसाठी पोती आणि दोन माणसंही तुमचीच. निम्मे तिथेच विचार बदलतात.

'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी मी बाल्कनीतल्या खताच्या टोपलीत टाकली, सात महिने झाले, तशीच आहे. फसवणूक आहे का?
– एक वाचक, ठाणे

असेलच असं नाही. या पिशव्या ज्या मानकावर तपासतात त्यात मोठ्या खतप्रकल्पासारखी उष्णता धरलेली असते, साधारण ५८ अंश सेल्सिअस, आणि तुमच्या टोपलीत तेवढी उष्णता टिकत नाही. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर छापलेला असायला हवा, नसेल तर मात्र संशय घ्या. काढून टाका ती, आणि दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यातही घालू नका, एक चुकीची पिशवी भंगारवाल्याचा गठ्ठा बिघडवते.

दुधाच्या पिशवीचा विषय निघालाच आहे तर, कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो तेवढासा तुकडा सिंकमधून थेट गटारात जातो आणि कोणालाच परत सापडत नाही. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे, पाण्याने विसळा आणि दोरीवर चिमट्याने वाळवा. महिन्याचा गठ्ठा झाला की कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना द्या.