मसाल्याच्या डब्यातला नमुना

“मॅडम, मालिका बघून नवऱ्यावर संशय येतो, म्हणजे मला वेड लागलंय का?” हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर अनेकदा येतो. तो घेऊन आलेल्या एका विवाहितेची हकीकत तिच्या परवानगीने आणि ओळख पटू शकणारे तपशील बदलून येथे मांडत आहे.

तिचा नवरा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, आणि ती स्वतः नवी पेठेतील साडीच्या दुकानातली नोकरी दुसऱ्या बाळंतपणानंतर सोडून घरी होती. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून टॉवेलच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा काढला. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर गोलसर, बायकी अक्षरात रंगाचा क्रमांक आणि ‘५०० जीएसएम’ असे लिहिलेले होते. नवऱ्याच्या खिशात सापडलेला तो तुकडा तिने तीन आठवडे मसाल्याच्या डब्यात लपवला होता, त्यामुळे त्याला काळ्या मसाल्याचा वास लागला होता. एका चौरस मीटर कापडाचे वजन ५०० ग्रॅम, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. तिला मात्र त्यात फक्त अक्षर दिसत होते.

मुले झोपल्यावर ती फोनवर एक-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका पाहत असे. चीनमध्ये रुजून आपल्याकडे आलेल्या या प्रकारात पहिले काही भाग बहुधा फुकट असतात आणि कथा ऐन पेचात आली की पुढच्या भागांसाठी पैसे मागितले जातात. इतक्या थोड्या वेळात माणूस उलगडून दाखवता येत नाही, म्हणून नायकावर डोळा असलेली दुसरी स्त्री पहिल्या नजरेतच ओळखू यावी लागते, आणि तिच्याविषयीचा संशय बहुतेक वेळा खराच निघतो. शिवाय बंद दाराआड काय घडले हे प्रेक्षकाला कॅमेरा दाखवतो. घरात असा कॅमेरा नसतो, त्यामुळे न दिसलेला प्रसंग आपले मनच रचते. रात्री अकराला कारखान्यातील सहकारी स्त्रीचा व्हॉइस मेसेज आला की हिच्या मनात पुढचा भाग सुरू होई.

मी तिला सांगितले की हे वेड नव्हे. संशय काही केल्या हलत नसेल, झोप-जेवण तुटले असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते. तिच्या बाबतीत तसे काही नव्हते. नवरा आंघोळीला गेला की ती त्याचा फोन तपासत असे, काही सापडले नाही की घटकाभर हायसे वाटे, आणि त्या हायशा वाटण्यानेच पुन्हा तपासण्याची सवय घट्ट होत गेली होती. मालिका सोडण्याचा आग्रह मी धरला नाही, कारण भीती मालिकेआधीचीच होती. मालिकेने त्या भीतीला फक्त चेहरा दिला होता.

एका वहीत डाव्या बाजूला प्रत्यक्ष पाहिलेले आणि उजव्या बाजूला स्वतः जोडलेले लिहायचे, एवढेच काम मी तिला दिले. दहा दिवसांनी डावीकडे चार ओळी होत्या आणि उजवीकडे तीन पाने. त्यातले शेवटचे वाक्य वाचताना तिचा आवाज फुटला: “तिला पगार आहे, मला विचारून पैसे घ्यावे लागतात.” पुढच्या दोन भेटी आम्ही याच वाक्यावर बोललो.

नवऱ्याला विचारायचे ठरल्यावर ‘ती कोण?’ या प्रश्नाने सुरुवात करायची नाही, आपल्या भीतीने करायची, असे आम्ही ठरवले. संशय खरा निघण्याची शक्यताही मी तिच्यापासून लपवली नव्हती. तिने तो तुकडा त्याच्यापुढे ठेवला. या नमुन्यासाठी त्याने एक अख्खा दिवस शोधाशोध केली होती. गिऱ्हाइकाने रंग नापसंत केल्यामुळे मोठी ऑर्डर हातची गेली होती, रात्रीचे मेसेज त्याच धावपळीचे होते आणि नोकरी राहील की नाही या धास्तीने तो घरी गप्प असे.

दोघे एकत्र आले तेव्हा मी त्याला हेही विचारले की ही धास्ती सहकारी स्त्रीला ठाऊक होती आणि बायकोला का नव्हती. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. “हिला कशाला घोर, असं वाटलं,” तो म्हणाला. “घोर तर लागलाच की,” ती म्हणाली. त्या दिवशी प्रथमच दोघांनी घरखर्चाचा हिशेब माझ्या टेबलाशी बसून एकत्र मांडला.