सॅसमध्ये (सीएसएस, म्हणजे वेबपेजच्या दिसण्याचा कोड, सोपा लिहायची भाषा) मिक्सिन (नाव देऊन ठेवलेला, हवा तिथे टाकायचा स्टाइल-कोड) वापरू की एक्स्टेंड (एका घटकाची स्टाइल दुसऱ्याला लावणं)?
एकच बटण-स्टाइल पाच ठिकाणी लागतेय ना, मग रंग किंवा पॅडिंग बदलणार असेल तर सरळ मिक्सिन करा, त्याला आर्ग्युमेंट देता येतं आणि डिफॉल्ट व्हॅल्यूपण ठेवता येते. प्रत्येक इन्क्लूडला (म्हणजे मिक्सिन वापरलं की) तोच कोड सीएसएसमध्ये परत येतो हे खरंय, पण जीझिप (फाइल पाठवताना लहान करणारं कॉम्प्रेशन) अशा रिपीट ओळी मस्त दाबतं म्हणून साइजचं फार टेन्शन घेऊ नका. एक्स्टेंड मी टाळतोच, कारण मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या रुंदीसारख्या अटीवर लागणाऱ्या स्टाइलच्या) आतून बाहेरचा सिलेक्टर (स्टाइल कोणत्या घटकाला लागेल ते सांगणारं नाव) एक्स्टेंड केला की एररच येतो. करायचंच असेल तर टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारा प्लेसहोल्डर (फक्त एक्स्टेंड करण्यासाठीचा सिलेक्टर) घ्या, तो एकटा आउटपुटमध्ये येत नाही. आणि मिक्सिनच्या फाइली यूजने (दुसरी सॅस फाइल जोडायचा नियम) आणा, कारण त्यासाठीचा जुना नियम इम्पोर्ट डार्ट सॅस (सॅसची मुख्य आवृत्ती) 1.80 पासून डेप्रिकेटेड (पुढे काढला जाणार म्हणून टाळायचा) आहे.