‘जेरुसलेमी हातीचोक’ आणि वातड-वातूळचा घोळ

उदगीरहून एका ताईंनी विचारलंय: “परसबागेवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करते आहे. त्यात जेरुसलेम आर्टिचोक नावाचे कंद आहेत. शब्दकोश चाळून मी ‘जेरुसलेमी हातीचोक’ लिहिलं आणि चवीबद्दल ‘गोडसर पण वातड’ असं लिहिलं. सासऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, वातड असेल तर लावायचं कशाला? आणि यात हत्ती कुठून आला? माझं काय चुकलं?”

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. दोन्ही ठिकाणी त्यांनी नेमकं बोट ठेवलंय.

सोपं ते आधी. वातड म्हणजे चिवट. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही की पापड वातड होतो, कालची भाकरी वातड लागते. पोटातल्या वाऱ्याशी या शब्दाचं काही देणंघेणं नाही. तुम्हाला म्हणायचंय ते ‘वातूळ’. हरभऱ्याची डाळ, वाटाणा, पावटा यांच्या पंगतीतलं. आमच्याकडे निजामाच्या काळात शाळा शिकलेली म्हातारी माणसं यालाच ‘बादी’ म्हणायची, वांगं बादी असतं म्हणून बाजूला सारायची. फारसीत ‘बाद’ म्हणजे वारा. वातड दातांना लगेच कळतं, वातूळ पोटाला कळतं आणि तेही दोन-चार तासांनी.

गंमत म्हणजे हे कंद खरोखर वातड होतातही. त्यांची साल बटाट्यापेक्षा पुष्कळ पातळ असते. उपटून तसेच उघड्यावर ठेवले की ओल उडते, सुरकुततात, पिचपिचीत होतात. पण तो साठवणीचा दोष झाला, चवीचा नव्हे. ताजा कंद कच्चा चावला तर शिंगाड्यासारखा कुरकुरीत लागतो.

वातूळपणाचं कारण इन्युलिन. बटाटा आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवतो, हा कंद इन्युलिनच्या रूपात. आपल्या लहान आतड्याला इन्युलिन फोडता येत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. हे विज्ञान कळायच्या कितीतरी आधी, १६२१ साली, जॉन गुडियर या इंग्रज वनस्पतिअभ्यासकाने लिहून ठेवलं की हे कसेही शिजवा, पोटात किळसवाणा वारा उठवतात, आणि हे खाणं माणसांपेक्षा डुकरांच्या जास्त लायकीचं आहे. तुमच्या लेखात ‘वाऱ्याचा’ उल्लेख आला असेल तो याच परंपरेतला.

आता नाव. ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेतली, आपल्या सूर्यफुलाची सख्खी बहीण. शास्त्रीय नावातलं पहिलं पद दोघींचं एकच: हेलिअँथस. जेरुसलेमशी तिचा काडीचा संबंध नाही. १६०५ मध्ये फ्रेंच प्रवासी शांप्लँ याने केप कॉडजवळ मूलनिवासींच्या बागांत हे कंद पाहिले आणि चव आर्टिचोक या काटेरी बोंडाच्या भाजीसारखी लागते असं नोंदवलं. तेवढ्यावर ती आर्टिचोक झाली. जेरुसलेमबद्दल नेहमी सांगतात ती कथा अशी: इटालियनमध्ये सूर्यफुलाला ‘जिरासोले’ म्हणतात, म्हणजे सूर्याकडे वळणारं, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं जेरुसलेम झालं. कथा गोड आहे, पुरावा पातळ आहे. काही अभ्यासक ती मानत नाहीत. फ्रेंचांनी तर आणखी वेगळा घोळ घातला. १६१३ च्या सुमारास ब्राझीलमधल्या तुपिनांबा जमातीची माणसं पॅरिसात आणली होती, त्यांची चर्चा गावभर होती, त्याच हवेत या कंदाला ‘तोपिनांबूर’ नाव चिकटलं. ब्राझीलचाही संबंध नाही.

आणि हत्ती? मूळ अरबी ‘अल-खर्शूफ’. ते स्पेन-इटलीमार्गे आर्टिचोक झालं. हिंदीत येताना ‘आर्टि’चा हाथी झाला, म्हणून हाथीचक, हातीचोक. हसू नका. खुद्द अरबांनी हा युरोपीय शब्द परत ऐकला तेव्हा सिरिया-लेबनॉनकडे त्याचं ‘अर्दी शौकी’ केलं, म्हणजे जमिनीवरचं काटेरी. आपलंच लेकरू परक्याच्या कपड्यात आलं नि ओळखू आलं नाही.

आपणही काही वेगळे नाही. पेरू हे फळ घ्या. नाव ऐकून वाटतं पेरू देशाचं. पण हा शब्द पोर्तुगीज ‘पेरा’वरून आला असं मानतात, आणि पेरा म्हणजे नासपती. हिंदीतला अमरूद बघा, फारसीत अमरूदही नासपतीच! दोन भाषांनी, दोन वेगळ्या वाटांनी, एका नव्या फळाला एकाच जुन्या फळाचं नाव दिलं. आणि आपल्याकडची जुनी माणसं पेरूला ‘जाम’ किंवा ‘जांब’ म्हणतात, तेलुगूतही जामच. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला, पण मूग ओळखीचा होता म्हणून भुईतला मूग झाला. नवं आलं की जुन्याच्या हाताला धरून आत आणायचं, ही रीत सगळीकडची.

म्हणून हातीचोक टाळा. ते खऱ्या, काटेरी बोंडाच्या आर्टिचोकसाठी राहू द्या. कुणी ‘भुईसूर्यफूल’ सुचवेल, पण भुईरिंगणी, भुईआवळीमुळे ‘भुई’ म्हटलं की जमिनीलगतचं रोप डोळ्यांपुढे येतं, आणि हे तर माणसाच्या डोक्यावरून जातं. माझी पसंती झाडाला ‘कंदाचं सूर्यफूल’ आणि स्वयंपाकघरात ‘सूर्यकंद’. पहिल्यांदा येईल तिथे जेरुसलेम आर्टिचोक एकदा लिहून टाका, पुढे सूर्यकंद. एक सावधगिरी मात्र: लातूर-धाराशिवकडे सूर्यफूल म्हणजे तेलाचं पीक. वाचक शेतातलं सूर्यफूल उपटून कंद शोधायला नको. त्याला कंद नसतात, हे एका ओळीत सांगा.

चवीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. एका नातलगाने आणून दिलेले चार कंद मी परसात चार-पाच बोटं खोल लावले. काळ्या भारी मातीत खणताना जीव गेला आणि आल्यासारख्या गाठींच्या बेचक्यातली माती घासण्यात सकाळ गेली. राहिलेला एकेक तुकडा पुन्हा उगवतो, तेव्हा कोपरा निवडून लावा. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीत काप टाकले. ताकाच्या आंबटपणात छान लागले, गोडसर, थोडे खमंग. साध्या पाण्यात उकडलेले मात्र एकदम गाळ झाले. लिंबू पिळून उकळले तर काप घट्ट राहतात, काळे पडत नाहीत, वातूळपणाही थोडा उतरतो. मला आवडले. घरच्यांचं मत दुसऱ्या दिवशी बदललं.

तुमचं वाक्य मी असं करीन: “सूर्यकंद चवीला गोडसर, पण वातूळ, पहिल्यांदा दोन-तीन फोडीच खाव्यात.”